खळ लावलेलं दार

त्या पौषात नागपुरात थंडी अशी पडली की कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग एकमेकांना चिकटून बसले. गिऱ्हाईकानं एक संत्रं उचललं की खालून अख्खा ढीग उठून यायचा आणि दलाल ओरडत मागं धावायचा. सीताबर्डीच्या फुटपाथवर स्वेटर विकणाऱ्यानं सगळा माल स्वतःच्या अंगावर चढवला आणि दुकान बंद केलं. ज्यांना हे खरं वाटत नाही त्यांनी त्या पौषात उमरेड रोडला राहून पाहायला हवं होतं. शहर जिथं विरळ होत जातं, तिथं मोकळ्या पडीतांवरून वारा सुटतो. त्याला अडवायला ना भिंत, ना झाड.

तिथं कोष्ट्यांची जुनी वस्ती आहे. मागांची खटखट केव्हाच थांबली. कोणी मालाचा ऑटो चालवतो, कोणी सदर बाजारातल्या दुकानात कापड फाडतो. बाबनराव एके काळी लुगडी विणायचे. आता ते कोंबड्या पाळत. म्हणजे कोंबड्या पाळायच्या पुष्पलताबाई, आणि बाबनराव शेजारी खाट टाकून बसायचे. मागाची खोली कोंबड्यांना गेली होती. तिथंच भुरी नावाची बकरी बांधलेली असे, आणि जमादार नावाचा एक कोंबडा सगळ्यांवर हुकूम चालवत असे. गाय तेवढी बाहेरच्या गोठ्यात.

शिवाय यंदा पिलं होती. त्यांच्या आईला मुंगसानं नेलं होतं, म्हणून पुष्पलताबाईंनी त्यांच्यावर बल्ब लावला होता आणि त्या पिलांकडं असं पाहायच्या, की तसं त्यांनी बाबनरावांकडं लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात उमरेडला पुष्पलताबाईंची बहीण न्हाणीत घसरून पडली.

"ऐकता का जी," पिशवी भरता भरता पुष्पलताबाई म्हणाल्या, "लाइन गेली तं बल्ब बंद पडल. मंग शेगडी पेटवजा. पण खिडकीचा पडदा वरून हातभर उघडा ठेवजा. हातभर."

"एवढ्या थंडीत उघडा? काहून?"

"कोंबड्याइले बी नाक असते."

"नाक कुठं असते वं? चोच असते."

पुष्पलताबाई थांबल्या. पिशवी खाली ठेवली. "एक बी पिलू गेलं नं, तं मी उमरेडलेच राहीन. तुमी अन् तुमचा खिचडीचा गंज, बसजा दोघं."

आता, ही धमकी पोकळ नव्हती. पुष्पलताबाई एकदा बोलल्या की बोलल्या. आणि बाबनरावांच्या हातची खिचडी काय असते, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. भुरी पोतं खायची, चप्पल खायची, पण ती खिचडी तिनंसुद्धा हुंगून सोडली होती. पण खिचडीचं काय, माणूस उपाशी राहू शकतो. बाबनरावांना भीती निराळीच वाटली. बायको गेल्यावर त्यांनी खोलीत डोकावून पाहिलं, तर बल्बखाली ती पिवळी, मुठीएवढी पिलं एकमेकांत घुसून झोपली होती, आणि त्यांचं सगळं आयुष्य एका तारेला लटकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच तार मेली. आभाळ राखेसारखं, उन्हाचा पत्ता नाही, आणि लाइन गेली.

बाबनरावांनी शेगडी पेटवली, निखारे फुलवले, आत आणून ठेवली. पिलं शेगडीभोवती जमली खरी, पण अंगाची थरथर थांबेना. खिडकीवर पडदा म्हणून लावलेल्या पोत्यातून वारा शिरत होता. कौलांखालून शिरत होता. दाराच्या फटीतून तर असा शिरत होता, जसा काही त्याला आवतण होतं. बाबनरावांनी प्रत्येक फटीवर हात धरून पाहिला आणि त्यांच्यातला कोष्टी जागा झाला.

बाबनरावांच्या हातचं लुगडं म्हणजे काय होतं! एकदा विहिरीवर एका बाईची घागर फुटली, तर तिनं पदरात पाणी भरून घरी नेलं, आणि वाटेत थेंब सांडला नाही. असं बाबनराव सांगत. कोणी त्या बाईचं नाव विचारलं की ते गाव बदलून सांगत, पण पदर तोच असे. ज्यानं असं कापड विणलं, त्याच्या खोलीत वाऱ्यानं शिरावं?

"हातभर उघडा म्हणते," ते जमादाराला म्हणाले. "बाईच्या जातीले विणकाम काय समजते?"

हे पुष्पलताबाईंसमोर बोलायची त्यांची छाती नव्हती, म्हणून कोंबड्यासमोर बोलून घेतलं.

त्यांनी चुलीवर खळ चढवली. खळ म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला ताठपणा यावा म्हणून लावतात ती चिकट पेज. बाकीचे कोष्टी ती साध्या तांदळाची करत. बाबनराव तिच्यात चिंचोक्याचं पीठ घालत. ती खळ लावलेलं सूत वाळल्यावर इतकं ताठ व्हायचं की पाखरू बसलं तरी वाकायचं नाही. मोठा गंजभर खळ रटरटली. जुनी वर्तमानपत्रं काढली, दोन विटकी धोतरं फाडून पट्ट्या केल्या, खुंटीवरचा कुंचा घेतला, आणि बाबनराव खोलीत शिरले.

आता कोष्ट्याची एक खोड असते. तो एका काठावर सुरू झाला की दुसऱ्या काठावरच थांबतो. मधे उठणं त्याला पाप वाटतं. बाबनरावांनी खिडकीपासून सुरुवात केली. पोतं खाली घेऊन कागदाचा थर, त्यावर धोतराची पट्टी, त्यावर खळ, पुन्हा कागद. मग कौलांखालची फट. मग भिंतीतल्या चिरा. खळ आतूनच लावायची, म्हणजे शेगडीच्या उबेनं भराभर वाळते. बाहेरून लावली तर दव खाऊन ओलीच राहते. हे त्यांना बापानं शिकवलं होतं आणि त्यात काही चूक नव्हती.

खोड काढली ती भुरीनं. तिला खळीचा वास आला. दावं ताणून तिनं भिंतीवरची ओली पट्टी ओढली आणि चघळायला लागली.

"ए! सोड!"

भुरीनं दुसरी पट्टी धरली. बाबनरावांनी कुंचा हाणला. तिनं तिसऱ्यांदा तोंड घातलं, तेव्हा तिच्या नाकावर खळीनं भरलेला कुंचा असा बसला, की ती मिशी लावलेल्या मामलेदारासारखी दिसायला लागली. मग मात्र ती कोपऱ्यात गेली, भिंतीकडं तोंड करून बसली, आणि बाबनरावांकडं पाठ केली.

बाबनराव गाणं गुणगुणत पुढं सरकत होते. वारा एकेका जागेवरून हटत होता. शेवटचा काठ दाराचा. दार आत उघडायचं. त्यांनी ते लोटून घेतलं, कडी लावली, आणि चारही बाजूंनी पट्ट्या चिकटवल्या. एक थर, दुसरा थर, कडीवरून आडवा तिसरा. कुंच्यानं असं गुळगुळीत केलं की सुरकुती शोधून सापडू नये. मग दोन पावलं मागं येऊन त्यांनी कमरेवर हात ठेवले.

खोली बंद मुठीसारखी झाली होती. वाऱ्याचा आवाजसुद्धा आत येत नव्हता. पिलांची थरथर थांबली होती. बाबनरावांना असं वाटलं, की हे काम कोणीतरी पाहायला हवं.

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की पाहायला आतमध्ये आपणच आहोत.

ते थोडे हसले. दाराची पट्टी ओढली. ती निघाली नाही. नखानं खरवडलं, नख तुटलं. शेगडी पुढ्यातच होती, त्यामुळं दाराची खळ सगळ्यात आधी वाळली होती आणि पत्र्यासारखी टणक झाली होती. कडी तीन थरांखाली गाडलेली. खुरपं बाहेर, विळा बाहेर, फोन घरात चुलीशेजारी. हातात काय, तर कुंचा. खिडकीची खळ अजून जराशी ओली होती, पण खिडकी डोक्याच्या वर. कुंच्यानं तिथं कागद चिकटवता आला होता, फाडता येत नव्हता, आणि मागाच्या खोलीत खुर्ची कशाला असेल?

"बाप्पा," बाबनराव म्हणाले.

शेगडीजवळ जाऊन बसले. जरा वेळ बरं वाटलं. मग डोकं जड झालं. मग त्यांनी पाहिलं की म्हाताऱ्या कोंबडीनं चोच उघडी टाकली आहे. तिच्या शेजारचीनंही. जमादार उठला, छाती काढली आणि आरवायला गेला. "कुकू" झालं, पुढचं अर्धं नरड्यातच राहिलं. तो लाजून बसला.

कोंबड्यांना नाक असतं म्हणजे काय, हे बाबनरावांना त्या वेळी कळलं. आत जी काही हवा होती ती शेगडी खात होती, कोंबड्या खात होत्या, भुरी खात होती, आणि थोडी ते स्वतः खात होते. आणि नवी यायला त्यांनी सुईच्या टोकाएवढी जागा ठेवली नव्हती. आयुष्यात इतकं चोख काम त्यांच्या हातून झालं नव्हतं.

त्यांनी कोंबड्यांच्या पाण्याचं मडकं शेगडीवर ओतलं. फस्स करून वाफ उठली, राख उडाली, सगळे खोकले. शेगडी विझली, आणि भिंतींतली थंडी, जणू तेवढ्याचीच वाट पाहत असल्यासारखी, जमिनीवरून सरपटत पुढं आली. पिलं पुन्हा थरथरायला लागली. ठेवावी तर शेगडी मारते, विझवावी तर थंडी.

बाबनरावांनी धोतर कमरेला घट्ट खोचलं, बंडी सोडली आणि एकेक पिलू उचलून पोटाशी टाकलं. गार, नखांचं, फडफडणारं. बंडी बांधली, वरून घोंगडं घेतलं. पिलं आत हळूहळू शांत झाली. पण आता दाराला खांदा द्यावा तर पिलं चेंगरतील, वाकावं तर गळ्यातून बाहेर पडतील. ते ताठ बसून राहिले, खळ लावल्यासारखे.

राहता राहिली भुरी.

"भुरे," बाबनराव मऊ आवाजात म्हणाले. "खा नं माय. ते पाय, दाराची पट्टी. चिंचोक्याची आहे. खा, मी नाही मारत."

भुरीनं कान हलवला.

"चुकलं माझं. आता काय पाया पडू का तुह्या?"

ते खरंच पाया पडले असते, पण वाकता येत नव्हतं. तिचं दावं सोडलं, शिंगाला धरून दारापाशी आणलं. भुरीनं पट्टी हुंगली, त्यांच्याकडं पाहिलं, आणि सावकाश कोपऱ्यात जाऊन पुन्हा पाठ करून बसली. बायको रुसली तर माणूस तिच्या माहेरी निरोप धाडतो. बकरी रुसली तर कुणाला सांगावं?

वेळ किती गेला हे कळायला मार्ग नव्हता. अंधारात फक्त श्वास ऐकू येत होते, आणि ते लहान होत चालले होते. बाबनरावांनी दोनदा हाक मारली. त्यांचा आवाज त्यांच्याच खळीवर आपटून परत आला.

मग बाहेर गाय हंबरली. सकाळपासून तिला चारा नव्हता. आधी तिनं सभ्यपणानं विचारलं, मग ओरडून विचारलं, आणि मग अशी काही बोंब ठोकली की पलीकडच्या घरातून कवडू बाहेर आला.

कवडू म्हणजे बाबनरावांचा लहानपणचा जोडीदार. दोघांचे माग एके काळी भिंतीला भिंत लावून होते. आता तो संत्र्यांच्या पेट्या ऑटोनं कळमन्याला टाकायचा, आणि घरोघरच्या बातम्याही तितक्याच जपून पोचवायचा. त्याच्यासमोर हसं होणं म्हणजे सगळ्या नागपूरसमोर होणं.

"बाबन्या! गाय काहून बोंबलून राहिली बे?" बाहेरून आवाज आला. "वैनी नाही का?"

"उमरेडले गेली," बाबनराव दाराला तोंड लावून म्हणाले.

"अन् तू कुठून बोलून राहिला?"

"खोलीतून."

"मंग बाहेर ये नं."

"कामात आहो."

"काय काम?"

बंडीतून चिवचिव झाली. बाबनरावांनी विचार केला, पण दुसरं काही सुचेना.

"पिलं उबवून राहिलो."

 मग काडी ओढल्याचा आवाज आला. कवडू ओट्यावर बसला होता आणि विडी पेटवत होता. म्हणजे त्याला यात रस वाटला होता.

"किती दिवस बसशीन?" तो म्हणाला. "खुडूक कोंबडी तं जेवाले उठते मधे."

"तुले काय करायचं आहे? गाईले चारा टाक अन् जाय."

"दार तं उघड. पाहू दे मले बी, कसा बसला तू."

"दार नाही उघडत. वारा येते."

"बरं. जातो मंग. चौकात सांगतो, बाबनरावले डिस्टब करू नोका, अंड्यावर आहे."

चारा टाकल्याचा आवाज आला. गाय गप्प झाली. मग चपलांचा आवाज. जवळून लांब, लांबून आणखी लांब. बाबनराव ऐकत होते. प्रत्येक चपलेसरशी खोली त्यांच्याभोवती आवळत होती. तेवढ्यात पोटाशी काहीतरी वेगळंच जाणवलं. एक पिलू हलत नव्हतं. बाबनरावांनी हात घालून ते बाहेर काढलं. तळहातावर त्याची मान दोऱ्यासारखी लोंबली.

उमरेड, खिचडी, चौक, कळमना, सगळं त्यांच्या डोक्यातून निघून गेलं.

"कवडू!" ते असे ओरडले की भुरीसुद्धा उठून उभी राहिली. "जाऊ नको गा!"

चपला थांबल्या. "काय झालं?"

"कोंडलो गा."

"कोणं कोंडलं?"

"म्याच. आतून खळ लावली साऱ्या खोलीले. दार नाही निघत."

कवडू हसला. आता ते हसणं कसं होतं, तर पडीतावरचे बगळे उठून पार नदीपलीकडं जाऊन बसले आणि रात्रीपर्यंत परत आले नाहीत.

"हासू नको बे," बाबनराव म्हणाले. "पिलानं मान टाकली. कोंबड्या मरून राहिल्या आतमधे. हवा नाही गा."

हसणं कापल्यासारखं थांबलं. चपला धावत आल्या. दारावर एक लाथ बसली, मग खांदा, मग सब्बल, म्हणजे लोखंडी पहार. ती सब्बल दाराच्या फटीत घातल्यावर वाकली, असं बाबनराव अजून सांगतात. कवडू म्हणतो, ती आधीपासूनच वाकडी होती. ते काही असो, दार हललं नाही.

"दार सोड!" बाबनराव आतून ओरडले. "खिडकी! तिथं खळ ओली आहे! वरून हातभर फाड! हातभर!"

काय बोललो हे त्यांचं त्यांना कळलं, पण लाजायला सवड नव्हती. खिडकीशी ढप्प आवाज झाला, कागद फाटला, आणि सब्बलीचं टोक आत आलं. तिच्या मागून वारा. तोच, ज्याच्याशी सकाळपासून वैर मांडलं होतं. बाबनराव चवड्यांवर उभे राहिले आणि तळहातावरचं पिलू त्यांनी त्या भोकापुढं धरलं.

काही झालं नाही. त्यांनी त्याच्या पाठीवर बोट फिरवलं. त्याच्या चोचीवर फुंकर घातली. बाहेर कवडू म्हणत होता, "काय गा? काय गा?"

मग त्या पिलानं एक डोळा उघडला, बाबनरावांचं तोंड इतक्या जवळून पाहिलं, आणि घाबरून पुन्हा मिटला.

"आहे!" बाबनराव म्हणाले. "आहे गा!"

कोंबड्या एकेक करून खिडकीखाली येऊन माना वर करून उभ्या राहिल्या, नळावर बायका उभ्या राहाव्या तशा. जमादारानं उरलेलं अर्धं आरवून टाकलं. आणि भुरी, जिची इतकी विनवणी केली ती भुरी, आपल्या मनानं उठली, दारापाशी गेली आणि ऐटीत पट्टी खायला लागली, आता कोणाला काही गरज उरली नव्हती तेव्हा.

दार शेवटपर्यंत उघडलं नाही. कवडूनं चौकटीभोवतीची माती उकरली आणि दार चौकटीसकट उपटून काढलं. ते तसंच्या तसं, कडी लावलेलं, खळ लावलेलं, अंगणातल्या लिंबाला टेकवून ठेवलं. त्या भगदाडातून बाबनराव बाहेर आले. राखेनं माखलेले, बंडीच्या गळ्यातून पिवळी डोकी वर आलेली. कवडूनं त्यांना आपादमस्तक पाहिलं. बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि आपली चादर काढून बाबनरावांच्या खांद्यावर टाकली. पुष्पलताबाईंना फोन मात्र त्यानं लगेच लावला. तेवढं सुख त्याला सोडवलं नाही.

संध्याकाळच्या बसनं पुष्पलताबाई आल्या. लिंबाला टेकलेल्या बंद दारासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग भिंतीतल्या भगदाडातून आत गेल्या. एकेका कोंबडीला हात लावून पाहिलं, भुरीच्या मिशा पुसल्या. बाहेर येऊन त्यांनी बाबनरावांची बंडी उघडली आणि आतलं एकेक डोकं बोटानं चाचपलं. त्यांचे ओठ हलत होते.

"सारे आहेत," त्या म्हणाल्या.

"हाव," बाबनराव म्हणाले. "आता घे तू. कंबर मोडली माही."

पुष्पलताबाईंनी एक पिलू काढून टोपलीत ठेवलं. त्यानं जो कालवा केला, तो ऐकून बाकीचीही आतून ओरडायला लागली. त्यांनी ते परत बंडीत टाकलं. ताबडतोब चिडीचूप.

"ठेवू कुठं?" त्या म्हणाल्या. "लाइन आली नाही. खोलीले दार नाही. टोपलीत राहत नाहीत. तुमच्यापाशीच राहू द्या."

"किती वेळ?"

"पंख फुटेपर्यंत."

बाबनरावांनी आभाळाकडं पाहिलं. वारा अजून होता, आणि पौष बराच बाकी होता. त्यांनी हळूच बसल्या जागी वजन इकडचं तिकडं केलं.

"बरं, पण मले सकाळपासून एकीले जाऊन यायचं आहे वं."

"थांबा जी," पुष्पलताबाई कुजबुजल्या आणि बंडीची गाठ घट्ट केली. "आत्ताच डोळा लागला त्याइचा. हलू नोका."